काउंटी पार्कची फी वाढणार म्हणतात. मग बोलायचं कुणाशी आणि काय?

प्रश्न थोडक्यात असा. कॅलिफोर्नियाच्या सांता क्लारा काउंटीतल्या एका मराठी मंडळाची उन्हाळी सहल दरवर्षी काउंटी पार्कातल्या ग्रुप पिकनिक एरियात होते. आरक्षणाची फी आणि गाड्यांची प्रवेश फी वाढवण्याचा प्रस्ताव येतोय असं कळल्यावर मंडळाने ऑनलाइन सह्या गोळा करायला सुरुवात केली. आता त्या कुणाकडे द्यायच्या, वाढ थांबेल का, आणि मीटिंगमध्ये नेमकं काय बोलायचं?

आधी सरळ उत्तर. सह्यांनी फीवाढ कायद्याने थांबत नाही आणि नुसत्या विरोधाने सहसा टळतही नाही. पण दरपत्रकातली एखादी ओळ बदलून घेता येते, आणि मंडळाच्या खिशाला खरा फरक त्या ओळीनेच पडतो. ती ओळ कोणती हे मतदानाच्या बरंच आधी ठरवावं लागतं. बोर्डासमोर (म्हणजे काउंटीच्या निवडून आलेल्या पाच सुपरवायझरांसमोर) विषय येतो तोवर कर्मचाऱ्यांचं गणित, सल्लागार कमिशनची शिफारस आणि अंदाजपत्रकातला उत्पन्नाचा आकडा, सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं.

सगळ्यात आधी बघा की पार्क नक्की कुणाचं आहे. हसू येईल, पण चुकीच्या दारावर गेलेली पत्रं याच कारणाने वाया जातात. व्हासोना, हेल्यर, एड लेव्हिन, माउंट मॅडोना, जोसेफ डी. ग्रँट ही काउंटीची पार्कं. सनीव्हेलचं बेलँड्स पार्क काउंटीच्या यादीत दिसतं, पण ते चालवतं सनीव्हेल शहर. तिथल्या फीसाठी सिटी कौन्सिलकडे जायचं. रँचो सॅन अँटोनियोत पार्किंगच्या बाजूचा भाग काउंटीचा आणि त्यामागचे डोंगर मिडपेनिन्सुला रीजनल ओपन स्पेस डिस्ट्रिक्टचे. हेन्री को आणि कॅसल रॉक राज्याची. फ्रीमाँटकडची मंडळी क्वारी लेक्सला जात असतील तर ते ईस्ट बे रीजनल पार्क डिस्ट्रिक्ट. ही १९३४ पासूनची, फक्त पार्कांसाठीची स्वतंत्र सरकारी संस्था आहे, तिचे संचालक वेगळे निवडून येतात आणि अलमेडा काउंटीच्या सुपरवायझरांचा तिथल्या दरांशी संबंध नाही. आरक्षणाच्या पावतीवर पैसे कुणाच्या नावाने जमा होतात ते पाहा. शंका राहिली तर पार्कच्या कार्यालयाला एकच प्रश्न विचारा: या फीचा ठराव कोणती संस्था मंजूर करते?

पुढचा घोळ प्रस्ताव २१८ चा, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी मंजूर केलेल्या एका कायद्याचा. पाण्याचं बिल वाढताना घरी टपालाने नोटीस येते, ४५ दिवसांची मुदत असते आणि निम्म्याहून जास्त मालमत्ताधारकांनी लेखी निषेध नोंदवला तर दरवाढ पडते. ही सोय १९९६ च्या त्या प्रस्तावाने मालमत्तेशी जोडलेल्या शुल्कांना दिली: पाणी, सांडपाणी, कचरा. पार्कच्या फीला ती लागू नाही. ४०० सह्या असोत की ४०,०००, त्या राजकीय वजन म्हणून मोजल्या जातात, नकाराधिकार म्हणून नव्हे.

दुसरा आवडता मुद्दा म्हणजे 'खर्चापेक्षा जास्त फी घेताच येत नाही'. हा अर्धाच बरोबर आहे. २०१० च्या प्रस्ताव २६ ने कॅलिफोर्नियात स्थानिक सरकारच्या प्रत्येक आकारणीला आधी कर मानलं आणि मग अपवाद दिले. कर ठरला की मतदारांची मंजुरी लागते. एखादी सेवा किंवा परवाना यासाठीची फी कर ठरू नये म्हणून ती वाजवी खर्चाच्या आत असावी लागते, आणि ते सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर असते. पण सरकारी मालमत्तेत प्रवेश, तिचा वापर किंवा भाडं यांच्यासाठीची आकारणी हा वेगळा अपवाद आहे, आणि त्या वाक्यात खर्चाची मर्यादा लिहिलेली नाही. पिकनिक एरियाचं भाडं आणि गेटवरची फी या खान्यात बसतात. कार्यक्रमाचा अर्ज तपासण्याची फी किंवा परवाना फी मात्र खर्चाच्या खान्यात. त्यामुळे दरपत्रक हातात आलं की प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलने 'भाडं' किंवा 'सेवा' असं लिहा. सेवेच्या ओळीवर कायद्याचा मुद्दा चालतो. भाड्याच्या ओळीवर धोरणाचा मुद्दा मांडा; तिथे कायद्याची धमकी दिली तर काउंटी कौन्सेल, म्हणजे काउंटीचे वकील, एका वाक्यात उत्तर देतात आणि तुमचं उरलेलं म्हणणं कुणी ऐकत नाही.

नोटिशीबद्दल गव्हर्नमेंट कोडचं कलम ६६०१८ लक्षात ठेवा. ज्या फीला दुसरी कोणतीही खास नोटीस-तरतूद लागू नाही, ती नवी लावताना किंवा वाढवताना नियमित सभेत जाहीर सुनावणी घ्यावी लागते आणि तिची नोटीस वर्तमानपत्रात १० दिवसांच्या काळात दोनदा, मध्ये किमान ५ दिवस सोडून, छापावी लागते. ही नोटीस कुणाच्या घरी येत नाही. तेव्हा क्लार्क ऑफ द बोर्डच्या (बोर्डाच्या सभांचं कामकाज आणि नोंदी सांभाळणारं कार्यालय) ईमेल यादीत नाव घाला आणि पार्क विभागालाही लेखी कळवा की फी दरपत्रकाचा विषय कोणत्याही समितीसमोर येणार असेल तर आम्हाला सांगा.

वेळापत्रकाकडे वळू. काउंटीचं आर्थिक वर्ष १ जुलै ते ३० जून. सांता क्लारात शिफारस केलेलं अंदाजपत्रक साधारण मेच्या सुरुवातीला प्रसिद्ध होतं, मेमध्ये कार्यशाळा, जूनमध्ये सुनावण्या आणि मंजुरी. फीचं गणित विभागात त्याआधीच्या हिवाळ्यात मांडलं जातं. मग विषय पार्क्स अँड रिक्रिएशन कमिशनकडे जातो. हे सल्लागार मंडळ आहे, त्याच्या मताला कायद्याचं बळ नाही, तरीही बदल करून घ्यायला सगळ्यात मोकळी जागा तीच. तिथे लोक कमी येतात, वेळ जास्त मिळतो, आणि विभागाचे अधिकारी समोरच बसलेले असल्याने त्यांना तिथल्या तिथे प्रश्न विचारला जातो. पुढचा टप्पा दोन सुपरवायझरांची समिती. जमीन वापर, पर्यावरण आणि वाहतूक हे विषय बघणारी. शेवटी पाच सुपरवायझरांचं पूर्ण बोर्ड. जूनच्या सभेत तुम्ही पहिल्यांदा उभे राहिलात तर तुमच्या मागणीने अंदाजपत्रकात खड्डा पडणार असतो, आणि तो भरायला कुणाकडे वेळ नसतो.

मीटिंगच्या आधी कागद मागवा. कॅलिफोर्निया पब्लिक रेकॉर्ड्‌स ॲक्टखाली कारण सांगावं लागत नाही. १० दिवसांत संस्थेने कागद देणार की नाही ते कळवायचं असतं, अडचण असेल तर आणखी १४ दिवसांपर्यंत मुदतवाढ. ध्यानात घ्या, ही मुदत उत्तराची आहे. कागद प्रत्यक्ष हातात पडायला त्याहून जास्त दिवस लागू शकतात. म्हणून 'फीवाढीसंबंधी सर्व कागद' असं मागू नका. मागा: फी अभ्यासाची मूळ स्प्रेडशीट, ताशी दर कसा काढला त्याचं पान, मागच्या तीन आर्थिक वर्षांतली प्रत्येक ग्रुप एरियाची आरक्षणं आणि रद्द झालेली आरक्षणं, आणि आसपासच्या संस्थांच्या दरांची तुलना. आधी पार्क विभागाला साध्या ईमेलने विचारून बघा. बऱ्याचदा औपचारिक अर्जाची गरजच पडत नाही.

स्प्रेडशीट मिळाली की दोन ठिकाणी बघा. एक, ताशी दर. त्यात पगार, आरोग्यविमा, पेन्शन आणि वरचा प्रशासकीय खर्च धरलेला असतो. हा प्रशासकीय खर्च एकदा ताशी दरात आणि पुन्हा वेगळ्या टक्केवारीने असा दोनदा धरला गेलाय का ते तपासा. दोन, तास. इथेच सगळी गंमत आहे. समजा एका आरक्षणामागे रेंजरचे ३ आणि देखभालीचे २ असे ५ तास धरले, ताशी ९० डॉलर. खर्च ४५० डॉलर. सध्याची फी २५० असेल तर खर्चाची वसुली सुमारे ५५ टक्के दिसते, आणि ७० टक्के वसुलीचं धोरण असेल तर नवी फी ३१५. आता त्या ५ तासांतला एक तास शौचालयाच्या साफसफाईचा आहे आणि ती साफसफाई आरक्षण असो वा नसो रोज होतेच, असं निघालं तर आरक्षणाचा खरा खर्च ४ तासांचा, म्हणजे ३६० डॉलर. त्याचे ७० टक्के २५२. एका तासाच्या नोंदीवर जवळजवळ सगळी वाढ उभी असते. हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या पार्कचे वेगळे असतील, पण पद्धत हीच. कमिशनच्या सदस्याला 'फी जास्त आहे' या वाक्याचं काही करता येत नाही. 'पान ७ वरचा देखभालीचा दुसरा तास आरक्षणामुळे होतो का?' या प्रश्नाला मात्र अधिकाऱ्यांना उत्तर द्यावं लागतं.

कर आधीच भरतोय, मग फी कशाला, हाही मुद्दा निघतो. सांता क्लारात त्याला थोडा आधार आहे. १९७२ साली मतदारांनी काउंटी चार्टरमध्ये (काउंटीच्या मूळ नियमावलीत) दुरुस्ती करून मालमत्ता कराच्या उत्पन्नातला हिस्सा पार्कांसाठी राखून ठेवला आणि मग वेळोवेळी त्याची मुदत वाढवली. जून २०१६ मधल्या मतदानात ती आणखी १५ वर्षांनी वाढली. हिस्सा दर १०० डॉलर करपात्र मूल्यामागे १.५ सेंट, म्हणजे १० लाख डॉलर मूल्यांकनाच्या घरामागे वर्षाला १५० डॉलर. हा जादा कर नाही, गोळा झालेल्या करातलंच वळतं केलेलं आहे, आणि त्यातला काही भाग जमीन खरेदीला व बांधकामाला बांधलेला असल्याने तो रोजच्या देखभालीला वापरता येत नाही. तेव्हा 'फी शून्य करा' असं यातून निघत नाही. 'काउंटीच्या रहिवाशांना वेगळा दर द्या' असं म्हणायला मात्र तो चांगला पाया आहे.

रहिवासी दर मागताना एक पाचर आहे. १९६५ च्या लँड अँड वॉटर कॉन्झर्व्हेशन फंड कायद्याचे केंद्रीय पैसे ज्या पार्काला मिळालेत तिथे बाहेरच्यांची फी रहिवाशांच्या फीच्या दुपटीपेक्षा जास्त ठेवता येत नाही. तुमच्या पार्काला तो निधी मिळालाय का हे विभागाला विचारून घ्या. मागणी त्या मर्यादेतच ठेवलीत तर कौन्सेलकडून लाल शेरा येणार नाही. आणि मंडळाचे निम्मे सदस्य अलमेडा काउंटीत राहत असतील तर रहिवासी ठरवायचा कसा, अर्जदाराच्या पत्त्यावरून की संस्थेच्या नोंदणीवरून, हेही मागणीत लिहा. नाहीतर दर मिळेल आणि लागू होणार नाही.

आता त्या ओळीकडे. मागण्यासारख्या बऱ्याच गोष्टी आहेत, पण दोनच निवडा. माझ्या मते पहिली मागणी नेहमी अंमलाच्या तारखेची असावी. आरक्षणं काही महिने आधी होतात. ठरावात 'या तारखेपूर्वी केलेल्या आरक्षणांना जुना दर' असं वाक्य नसेल तर फरकाची रक्कम नंतर मागितली जाऊ शकते. हे वाक्य घालायला कुणाचा विरोध नसतो, फक्त कुणीतरी मागावं लागतं. दुसरी मागणी मंडळाच्या स्वरूपावरून ठरवा. ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्थेची, नोंदणी असेल तर नफाविरहित दराची व्याख्या काय आहे ते पाहा. आयआरएसचं (केंद्रीय कर खात्याचं) मान्यतापत्र पुरतं की आणखी काही लागतं? सहल शनिवारीच हवी असा हट्ट नसेल तर शुक्रवारचा किंवा ऑक्टोबरनंतरचा कमी दर मागा. विभागालाही रिकाम्या दिवसांचं आरक्षण हवंच असतं. वाढ ३० टक्क्यांच्या वर असेल तर दोन-तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने. गाडीच्या प्रवेश फीबद्दल बोलायचं असेल तर ग्रंथालयातून पुस्तकासारखा उसना घेता येणाऱ्या पार्किंग पासची संख्या वाढवा असं म्हणणं सरसकट सवलतीपेक्षा लवकर पटतं, कारण त्यात उत्पन्नाचं नुकसान फार नाही आणि ज्यांना परवडत नाही त्यांनाच फायदा होतो.

ठरावाच्या शेवटाकडे एक निरुपद्रवी दिसणारं वाक्य असतं: दरवर्षी ग्राहक किंमत निर्देशांकानुसार फी आपोआप समायोजित होईल, किंवा संचालकांना तसं करण्याचा अधिकार राहील. ते मंजूर झालं की नेहमीच्या वार्षिक वाढी बोर्डापुढे चर्चेला येणं बहुधा बंद होतं. त्याला विरोध करण्यापेक्षा त्यावर लगाम मागा. वर्षाला कमाल ३ टक्के, कोणत्या महिन्याचा निर्देशांक ते नमूद (बे एरियाचा, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को परिसराचा, निर्देशांक दर दोन महिन्यांनी, सम महिन्यांसाठी निघतो), आणि पूर्णांकन जवळच्या डॉलरला. 'वरच्या ५ डॉलरला' असं लिहिलेलं असेल तर छोट्या फीवर त्याचा परिणाम निर्देशांकाहून मोठा होतो.

बोलायचं कुणाशी, तर तुमच्या मतदारसंघाच्या सुपरवायझरच्या कार्यालयातल्या धोरण सहायकाशी. पुण्या-मुंबईत नगरसेवकाला थेट गाठायची सवय असते. इथे एकेका सुपरवायझरकडे पावणेचार लाखांच्या आसपास लोकसंख्या आहे, आणि फायली वाचतात ते सहायकच. १५ मिनिटांची भेट मागा, सोबत एका पानाचं निवेदन. त्यात सध्याचा ठरावातला मजकूर आणि त्याखाली तुम्हाला हवा असलेला मजकूर, दोन्ही इंग्रजीत, जसेच्या तसे चिकटवता येतील असे. पाचही सुपरवायझरांना एकाच ईमेलमध्ये 'टू'मध्ये घालू नका. कुणी 'रिप्लाय ऑल' केलं आणि त्यावर दुसऱ्या दोघांनी मत दिलं तर ब्राउन ॲक्टने (स्थानिक संस्थांच्या खुल्या सभांचा राज्याचा कायदा) मनाई केलेली, सभेबाहेरची बहुमताची चर्चा होऊन बसते. म्हणून सावध कार्यालयं अशा ईमेलला उत्तरच देत नाहीत. पाच वेगळे ईमेल पाठवा.

ब्राउन ॲक्ट १९५३ चा, आणि सभेचे नियम त्यात आहेत. नियमित सभेची विषयपत्रिका ७२ तास आधी लागते, खास सभेची २४ तास आधी. पत्रिकेवर नसलेल्या विषयावर निर्णय घेता येत नाही. पत्रिकेवरच्या प्रत्येक विषयावर, निर्णयाआधी, तुम्हाला बोलायचा हक्क आहे. बोलण्यासाठी किंवा उपस्थितीसाठी नाव नोंदवण्याची सक्ती नाही. वेळेची मर्यादा घालता येते; दोन मिनिटं सर्रास, गर्दी असेल तर एक. मंडळातल्या ज्येष्ठांना मराठीतून बोलायचं असेल आणि दुभाषी सोबत असेल, तर एकाच वेळी भाषांतर करणारी यंत्रणा नसताना त्यांना किमान दुप्पट वेळ द्यावा लागतो. ही तरतूद क्लार्कला आदल्या दिवशी लेखी कळवून ठेवा, म्हणजे माइकपाशी वाद नको.

विषय कन्सेंट कॅलेंडरवर आहे का तेही पाहा. त्या यादीतले विषय एकगठ्ठा, चर्चेविना मंजूर होतात. सुनावणीचा विषय तिथे नसावा, पण फीशी जोडलेला करार किंवा समितीचा अहवाल तिथे सरकवलेला असतो. सुपरवायझरच्या कार्यालयाला सकाळी फोन करून तो विषय वेगळा काढायला सांगा.

प्रत्यक्ष बोलताना दहा जणांनी एकच वाक्य दहादा म्हणण्यात अर्थ नाही. तिघे पुरे. पहिला विषयाचा क्रमांक आणि बदललेली ओळ वाचून दाखवतो, दुसरा त्या एका तासाचं गणित सांगतो, तिसरा रहिवासी व्याख्येबद्दल बोलतो. बाकीच्यांनी जागेवरून हात वर करावेत. सह्यांचा गठ्ठा आदल्या दिवशीच क्लार्ककडे द्या म्हणजे तो नोंदीत लागतो. सभेत आणलेला कागद पाच जणांपैकी कुणी वाचत नाही.

फीइतकाच खर्च तिच्या भोवतीच्या अटींत जातो, ते विसरू नका. ध्वनिक्षेपकाची वेगळी परवानगी, उड्या मारायच्या बाउन्स हाउससाठी पुरवठादाराचा विमा, मंडळाचा दायित्व विमा (प्रत्येक घटनेमागे १० लाख डॉलरची मागणी सर्वसाधारण आहे, आणि काउंटीचं नाव अतिरिक्त विमाधारक म्हणून जोडलेलं हवं). घरून डबे आणून आपापसांत खाल्लं तर प्रश्न नाही, पण लोकांना खुला मेळावा करून वडापाव विकायचा म्हटलं की पर्यावरणीय आरोग्य विभागाचा तात्पुरता खाद्य परवाना लागतो. विसर्जनाची कल्पना डोक्यात असेल तर ती टबातच करा. व्हासोना, कोयोटे, कॅलेरो हे जलाशय व्हॅली वॉटर या पाणीपुरवठा संस्थेचे आहेत, नुसत्या पार्क विभागाच्या होकारावर तिथे विसंबू नका.

कधीकधी प्रस्ताव फीचा नसून जागेचा असतो. कुंपण घालून पार्कचा तुकडा दुसऱ्या सार्वजनिक कामाला द्यायचा, असा. तिथे १९७१ चा पब्लिक पार्क प्रिझर्व्हेशन ॲक्ट पाहा. पार्कची जागा दुसऱ्या सार्वजनिक वापरासाठी घेतली तर बदल्यात जमीन किंवा मोबदला द्यावा लागतो. वर सांगितलेला केंद्रीय निधी त्या पार्काला मिळालेला असेल तर मंजुरी थेट नॅशनल पार्क सर्व्हिसपर्यंत जाते. अशा वेळी फीचा मुद्दा बाजूला ठेवून निधीचा इतिहास आधी मागवा.

ठराव मंजूर झाला की सही झालेली प्रत उतरवून घ्या आणि अंमलाच्या दिवशी आरक्षणाच्या वेबसाइटवरचे दर तिच्याशी ताडून बघा. सॉफ्टवेअरमध्ये जुनी व्याख्या राहणं, नफाविरहित दराचा पर्यायच न दिसणं, रद्द करण्याची फी ठरावाहून वेगळी निघणं, हे पहिल्या महिन्यात घडतं. स्क्रीनचा फोटो आणि ठरावाचा पान क्रमांक सोबत पाठवला तर परतावा मागायला दुसरं काही लागत नाही.